तिघांची एक कांडी

काल वाघोलीच्या चौकात बस अडकली. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही इतक्या भरलेल्या की ऊस बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागच्या ट्रॉलीला एक लाल फडकं बांधलेलं. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं लावली होती, की बसमधली पोरं आपापल्या कानातली बोंडं काढून बाहेर बघायला लागली. माझ्या शेजारची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अरे लॉगिनला लेट होणार यार. पुढे ट्रॅक्टर आहे. ट्रॅफिक नाही रे, ऊस." आपल्या ऑफिसविरुद्ध उसानं काही कट केलाय, असा तिचा सूर होता. मला हसू आलं. मी खिडकीची काच सरकवली. रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून चाकं जात होती आणि तो वास आत आला. हिरवट, गोड, किंचित आंबट, थंडीच्या सकाळी डिझेलच्या धुरात मिसळलेला.

माझा हिवाळा या वासानं सुरू होतो. स्वेटर नंतर निघतो. खरं तर उसाशी माझं जन्माचं काही नातं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची, कापसाच्या मुलखातली. माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्याकडे हिवाळा म्हणजे बाबांच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या शिवणीत अडकलेला पांढरा कापूस. पण माणसाचे ऋतू पुढे बदलतात. ज्या हंगामात आपण काही शिकलो, तो आपला होऊन बसतो.

साखर कारखान्याच्या लोकांना वर्षाचे दोनच भाग ठाऊक असतात. गव्हाणीत पहिली मोळी टाकली की हंगाम सुरू. ऊस वर नेणारा पट्टा थांबला की संपला. त्याला ते 'पट्टा पडला' म्हणतात. मधले महिने कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि त्यांच्या बोलण्यात दिवाळी, संक्रांत, होळी ही केवळ त्या दोन टोकांच्या मधली गावं असतात. मी सांगतेय तो हंगाम शतक बदलण्याच्या थोडा आधीचा. मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री घेऊन नुकतीच पुण्यात आले होते. आमच्या घरात डिग्री हा शब्द तोवर ताप मोजण्यापुरताच होता.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली बापट सरांचं वर्कशॉप होतं. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी ते काढलेलं. तिथं पातळ पदार्थ तपासायची उपकरणं व्हायची: पाणी, दूध, औषधांची द्रावणं आणि मुख्य म्हणजे उसाचा रस. टेबलं तीन. पहिलं सरांचं, तापमानाचं. दुसरं शालनताईंचं, काचेचं. मांजरीहून रोज सायकलवर येणाऱ्या शालनताई आधी थर्मामीटरच्या एका कारखान्यात होत्या. तो बंद पडल्यावर इथं आल्या. गॅसच्या बर्नरवर काचेची नळी फिरवत त्या तिच्या टोकाला कांद्याच्या पातीच्या बोंडासारखा एक पातळ फुगा फुगवायच्या. तो फुगा रसात बुडवला की रस किती आंबट आहे ते कळतं. आणि तिसरं टेबल माझं. रसातून वीज किती सहज वाहते यावरून त्यात क्षार किती आहेत ते सांगणारी धातूची जोडी मी बनवायची.

वर्कशॉपचा एक नियम होता. प्रत्येकाचा काचेचा पेला वेगळा. शालनताईंनी नेलपॉलिशनं तिन्हींवर खुणा केल्या होत्या: सरांच्यावर एक ठिपका, स्वतःच्यावर दोन, माझ्यावर तीन. एकाचा पेला दुसऱ्यानं उचलायचा नाही, दुसऱ्याच्या पेल्यात आपलं काही बुडवायचं नाही. मी पहिल्याच आठवड्यात चुकून दोन ठिपक्यांच्या पेल्याला हात लावला तेव्हा सर नुसतं म्हणाले होते, "वानखेडेबाई, तुमच्याकडे एकाच्या ताटात दुसरा जेवतो का?"

आमच्याकडे जेवतो. पण मी ते बोलले नाही.

नियम शहाणपणाचा होता. आम्लाचं प्रमाण ठरवून बनवलेल्या द्रावणात क्षाराचा एक थेंब गेला, तरी सगळं तपासणं वाया. प्रत्येकानं आपलं टेबल, आपलं द्रावण, आपली सही सांभाळायची. पुण्यात आल्यावर मला हे फार आवडलं होतं. इथं माणसं आपापल्या हद्दीत नीट राहतात, दुसऱ्याच्या डब्यात डोकावत नाहीत, आणि विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत. विचारल्यावरही जेवढ्यास तेवढंच सांगतात.

त्या वर्षी मोळी पडून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा साळुंखे साहेब आले. भीमेच्या काठावरच्या एका सहकारी कारखान्याचे ते चीफ केमिस्ट. आमच्याकडचे काचेचे फुगे सर्वांत जास्त तेच घ्यायचे, कारण रसाची पुटं चढून ते खराब होत आणि दर हंगामात नवे लागत. साहेब चहाला नको म्हणाले आणि उभ्यानंच बोलले.

"बापट, माझ्या पाइपाला तुम्ही तीन भोकं पाडून ठेवलीत. एकात गरम बघायचं, एकात आंबट, एकात खारं. तिन्हींतून रस गळतो. तिन्ही घासायला माणूस लागतो. परदेशी कंपनीचा एजंट येऊन गेला. त्यांचं सगळं एकाच दांड्यात आहे. एक भोक, एक दांडा."

"महाग असेल," सर म्हणाले.

"महाग आहे. पण आता मिळतंय ना. पूर्वी मिळतच नव्हतं म्हणून तुमचं गोड मानून घेत होतो."

सरांनी मान खाली घातली. साळुंखे साहेबांना त्याचं वाईट वाटलं असावं. दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "पट्टा पडायच्या आत तुम्ही एकात करून दाखवा. जमलं तर तुमचंच घेतो. नाही तर पुढच्या मोळीला त्यांचं."

ते गेल्यावर सरांनी आम्हाला खुर्च्या ओढून बसायला सांगितलं. असं ते कधी करत नसत. म्हणाले, "सरळ सांगतो. हे जमलं नाही तर मी त्याच कंपनीची एजन्सी घेईन. दुकान बंद पडणार नाही. वानखेडेबाई, त्यांची उपकरणं बसवायला, दुरुस्त करायला तुम्ही लागाल. पण काच फुंकायचं काम राहणार नाही." हे शालनताईंकडे न बघता ते म्हणाले, आणि मग बघून म्हणाले, "बर्नर बंद करावा लागेल, शालनबाई."

शालनताई बर्नर रोज सकाळी पेटवताना आधी त्याला हात जोडत. त्यांनी फक्त विचारलं, "हंगाम हाय तवर चालू ठिवायचा ना?"

"ठेवायचा."

"मंग झालं."

त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. बर्नरचा गॅस सिलिंडर संपत आला की शालनताई आधीच दुसरा सांगून ठेवत. भिंतीशी एक भरलेला कायम उभा असे. तो लावल्यावर त्यांनी नवा सांगितलाच नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हाय तवर हाय." भिंतीशी सिलिंडरच्या बुडाचं गोल गंजकं वर्तुळ तेवढं राहिलं. येता-जाता माझी नजर तिथं जायची.

रविवारी मी गाडीतळाजवळच्या एसटीडी बूथवरून दारव्ह्याला फोन लावायची. फोन शेजारच्या किराणा दुकानात, बाबा तिथं आधीच येऊन बसलेले असत. "काऊन व बाई, काय बनवते तू तिथं?" हा त्यांचा दर आठवड्याचा प्रश्न. त्यांना दुकानातल्या लोकांना नीट सांगता यायला हवं होतं.

"बाबा, आमी एक कांडी बनवून रायलो. उसाच्या रसात बुडवाची."

"मंग?"

"मंग ते सांगन, रस किती गरम हाये, किती आंबट हाये, किती खारा हाये."

मग बाबा म्हणाले, "हे तं तुही माय जिभेनं सांगते."

बूथवाला माझ्याकडे बघत होता, इतकी मी हसले. पण ते डोक्यात राहिलं. आई वरणाची पळी वर काढते, थेंबभर तळहातावर घेते, फुंकर मारते आणि जिभेला लावते. चिंच कमी, मीठ बरोबर, अजून उकळू दे. तीन मोजमापं, एक जीभ. निसर्गानं एवढ्याशा जागेत किती माणसं कामाला बसवलीत, आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. आम्हाला तशी एक जीभ करायची होती.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांची आठवण आली की मला अजून हाताला ऊब लागते. एका स्टीलच्या नळीत तिघांना बसवायचं. शालनताईंचा फुगा मधोमध, कारण तो सर्वांत नाजूक. त्याच्या बाजूला माझी धातूची जोडी. मागे, भिंतीला चिकटून, सरांचं तापमान मोजणारं. भोवती उसाच्या चिपाडापासून वाचवायला स्टीलची जाळी. फुगा आखूड करा म्हटलं की शालनताई म्हणायच्या, "आखूड केला तर दम लागंल त्येला." माझी जोडी बारीक करा म्हटलं की मला राग यायचा. सरांचं तर नखाएवढंच होतं, तरी त्यांना हवी तेवढी जागा कुणी देईना. शेवटी तिघंही थोडे थोडे आक्रसलो. शालनताईंनी कांडीचं नाव 'दत्त' ठेवलं. तीन तोंडं, एक अंग.

माझ्या खोलीवर त्या वेळी वेगळीच परीक्षा चाललेली असायची. मी फातिमानगरला दोघींबरोबर राहायची. दोघी कॉम्प्युटरचा कोर्स करत होत्या आणि पडल्या पडल्या एकमेकींना प्रश्न विचारत. त्यांतली संगीता साताऱ्याची, माझ्यावर जीव असलेली. "अगं ऊस-बीस काय घेऊन बसलीस," ती म्हणायची. "जावा शिक. अमेरिकेत कुणी रसवंती टाकत नाही." ती खरं तेच सांगत होती. त्या वर्षी ज्यांनी ऐकलं त्यांची घरं लवकर झाली. मी का ऐकलं नाही, याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. सकाळी वर्कशॉपमध्ये शिरताना निळ्या ज्योतीचा हलका आवाज यायचा, आणि तो आवाज माझ्या कामावर टिकून आहे असं मला वाटायचं. एवढंच.

संक्रांतीच्या सुमाराला कांडी तयार झाली. आधी ती सरांच्या टेबलावर गेली. त्यांनी आपली तार जोडली, एक ठिपक्याच्या पेल्यात गरम पाणी घेतलं, मोजलं. बरोबर. मग शालनताईंकडे, त्यांनी आपली तार जोडली, दोन ठिपक्यांचा पेला, आम्लाचं द्रावण. बरोबर. मग माझ्याकडे, तीन ठिपके, मिठाचं पाणी. अगदी काट्यावर. तिघांच्या सह्या झाल्या. शालनताईंनी कांडीला हळदीकुंकू लावलं, सरांनी ते स्पिरिटनं पुसून घेतलं, आणि सर व मी एसटीनं कारखान्यावर निघालो.

साखर कारखान्याच्या आत पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, इमारतच चालतेय. जमीन हलते, जिना हलतो, छातीतलं हाडही हलतं. वर आभाळाएवढ्या चाकांतून ऊस चिरडला जातो आणि खाली हिरवट राखाडी रसाचा ओढा वाहतो. त्या रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडतात. चुना कमी पडला तर साखर बनण्याआधीच मरते, जास्त झाला तर काळवंडते. मधली जागा अगदी अरुंद. ती आमच्या कांडीनं सांगायची होती. जुन्या तीन भोकांच्या अलीकडे चौथं भोक पाडून तयार ठेवलं होतं. कांडी बसवली, तिन्ही तारा पेटीत जोडल्या, बटण दाबलं.

तापमान बरोबर आलं. क्षाराचा आकडा आला. आणि आंबटपणाचा आकडा वेड्यासारखा नाचायला लागला. कधी लिंबासारखा आंबट, कधी चुन्यासारखा तुरट, एका श्वासात इकडून तिकडे. मी माझी तार काढली. तो शांत झाला. परत लावली, परत नाचायला लागला.

साळुंखे साहेब मागे हात बांधून उभे होते. ते म्हणाले, "वर्कशॉपात बघितलं होतं का?"

"तिन्ही बघितली होती," सर म्हणाले.

"एकदम?"

त्या गडगडाटात मला तो एक शब्द स्पष्ट ऐकू आला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. एकदम कुणीच बघितलं नव्हतं. तिघांनी आपापली तार जोडून, आपापल्या पेल्यात, आपापलं मोजलं होतं. कांडी एक केली, पेले तीनच ठेवले. माझी जोडी रसात सोडत होती ती वीज शेजारच्या काचेच्या फुग्याच्या कानात ओरडत होती. त्याचं काम अगदी बारीक आवाज ऐकण्याचं. लांब लांब भोकांत होते तेव्हा दोघांचा एकमेकांना त्रास नव्हता. एका घरात आणल्यावर कळलं.

परतीच्या एसटीत सर कांडी मांडीवर घेऊन बसले होते. यवत मागे पडल्यावर म्हणाले, "दत्ताची तोंडं आपसात भांडतायत, हे शालनबाईंना तुम्ही सांगा. मला जमायचं नाही."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, ज्योत थोडी कमी केली, आणि विचारलं, "फुगा फुटला का?"

"नाही. फुगा चांगला आहे. माझीच जोडी त्याला बोलू देत नाही."

"मंग तिला म्हनावं गप बस की जरा."

बोलणं तेवढंच झालं. पण बसमध्ये, जेवताना, पाणी भरताना ते वाक्य माझ्या मागे फिरत राहिलं. आणि एका सकाळी गाडीतळावर बसची वाट बघताना मला आमची शाळा आठवली.

दारव्ह्याची नगरपरिषदेची शाळा. मी दुसरीत असताना छपराची कवेलू, म्हणजे कौलं, बदलायला काढली, आणि पहिली ते चौथीचे सगळे वर्ग बाजाराच्या एका उघड्या शेडमध्ये आणून बसवले. दुसरे गुरुजी ट्रेनिंगला गेलेले. सगळ्यांना मिळून एकट्या मेश्रामबाई. पहिल्या दिवशी पहिलीवाले बाराखडी ओरडत होते, आम्ही पाढे, तिसरीवाले कविता, आणि चौथीवाले आम्हाला गप्प करण्यासाठी सर्वांत जास्त. बाई मधोमध उभ्या, कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून पत्र्याचा एक डबा आणला. पट्टी त्याच्यावर वाजवली, ठक्. "आता दुसरीवाले बोलतीन. बाकीच्यायनं गप लिवाचं." आमचे पाढे झाले. ठक्. "आता तिसरी." आम्ही पाटीत डोकं घातलं. त्या शेडमध्ये, भाजीच्या वासात, मला सतरा आणि एकोणीसचे पाढे पक्के झाले. आणि तिसरीची कविताही, कारण गप्प बसलं की दुसऱ्याचं ऐकू येतं. बाईंनी शेड मोठी केली नाही, मास्तर वाढवले नाहीत. फक्त पाळी लावली.

सरांना मी आत शिरता शिरता सांगितलं. "सर, तिघांना एकदम बोलू द्यायचं नाही. पाळी लावायची. फुगा वाचत असेल तेव्हा माझ्या जोडीची वीज पूर्ण तोडायची. तो वाचून झाला की तो बंद, मग जोडी. रस काही घाईत नसतो, आकडा क्षणभर उशिरा आला तर बिघडत नाही."

सरांनी चष्मा काढला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात असेलही. मी शाळेत पाहिलं."

"कुठली शाळा?"

"नगरपरिषद."

"बरी दिसते," सर म्हणाले, आणि ड्रॉवर उघडून रिले शोधायला लागले.

रिले म्हणजे काडेपेटीहून लहान विजेचा दरवाजा. उघडताना, मिटताना टिक् असा आवाज करतो. वर्कशॉपमधले सगळे मोठे होते. लहान आणायला मी बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाच्या मागच्या गल्लीत, जिथं दुकानदार मालापेक्षा स्वतःचा वेळ जपतात.

"लहान रिले आहेत का?"

"आहेत." ते जागचे हलले नाहीत.

"बघू?"

"बघायला आलात की घ्यायला?"

"घ्यायला. पण आधी बघायला लागतील ना, काका."

"काका म्हटलंत म्हणून दाखवतो. बघून परत ठेवणारे मला साहेब म्हणतात." त्यांनी डबा काढला, एक रिले तारांना लावून माझ्या कानाशी धरला. टिक्. टिक्. "आवाज ऐका. हा कोरडा आहे, हा टिकतो. ओला वाजतो तो घेऊ नका." मी तिथं उभी राहून एकेक रिले ऐकून घेतला. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती आणि काका त्यांना सांगत होते, "थांबा. त्यांचं कानांनी चाललंय."

या खेपेला तीन पेले कपाटात ठेवले. सरांनी घरून एक पितळी पातेलं आणलं. त्यात खरा रस, तिन्ही तारा एकदम. मी गाडीतळाच्या रसवंतीवर कॅन घेऊन गेले.

"लिंबू नको. आलं नको. बर्फ नको."

रसवंतीवाल्यानं घुंगरांचं चाक थांबवून माझ्याकडे पाहिलं. "मग रस तरी हवाय का, ताई?"

पातेल्यात कांडी सोडली. पेटीतून आवाज आला, टिक्, आणि तापमान आलं. टिक्, क्षार आले. आकडा खांबासारखा उभा. टिक्, आंबटपणा. तोही खांबासारखा उभा, जराही हालचाल नाही. भांडण मिटलं होतं. पण आकडा चुकीचा होता. कच्चा रस थोडासा आंबट असतोच, पण हा फार आंबट सांगत होता. परत घेतला, तोच.

शालनताई उठून बर्नरपाशी गेल्या. "माझाच फुगा आसंल," त्या म्हणाल्या. त्यांचा हात गॅसच्या चावीवर होता, पण चावी त्यांनी फिरवली नाही. खोलीत फक्त ज्योतीचा आवाज आणि टिक् टिक्.

सर पातेल्यापाशी आले. कॅनमध्ये उरलेला रस त्यांनी चमच्यात घेतला, तोंडात घेतला, डोळे मिटले. परत एक चमचा घेतला. मग म्हणाले, "कांडीला लिंबू कळतंय. रसवंतीवाल्याला 'नको' कळत नाही."

सवयीनं त्यानं उसाबरोबर लिंबाची फोड चरकात घातलीच होती. कांडी खोटं बोलत नव्हती. शालनताई बर्नरजवळच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की शेवटी त्यांचे डोळे पुसायला तोच पदर लागला. कॅनमधला रस आम्ही कपांतून प्यालो. त्या दिवशी कप कुणाचा कुठला हे कुणी पाहिलं नाही.

आता मी पाण्याची तपासणी करणारी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्या कांड्या आज पेनाएवढ्या असतात आणि सहा-सात गोष्टी मोजतात. पाळ्या लावायचं काम आत एक चिप करते, आवाज न करता. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी रिलेची गोष्ट सांगते तेव्हा ती सौजन्यानं ऐकतात. पण एक नियम मी त्यांना लावलाय: स्वतंत्र तपासून झालं की सगळं एका पातेल्यात, एकदम. बाजारातलं महागातलं भांडं असलं तरी आमच्या लॅबमध्ये त्याला पातेलंच म्हणतात. परवा एक नवीन मुलगा, लातूरचा, जेवताना म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी आम्ही सहाजण एका खोलीत. अभ्यासाला अशाच पाळ्या असायच्या." त्याला हे सांगायला संकोच वाटत होता. मी त्याला म्हटलं, मोठ्यानं सांग. ती तुझी पहिली लॅब होती.

लोक विचारतात, लहान गावच्या शाळेनं तुम्हाला काय दिलं. मला वाटतं, कमी जागेत सगळ्यांना कसं सामावायचं हे दिलं. आणि पुण्यानं मला आपापला पेला स्वच्छ ठेवायला शिकवलं. मला दोन्ही लागलं.

तर तो हंगाम. कांडी परत त्या चौथ्या भोकात बसली. साळुंखे साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. रोज त्यांची माणसं जुन्या तिघांचे आकडे आणि आमच्या एकीचे आकडे लॅबमध्ये ताडून बघत. माघ सरला, होळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या एकेक करून बैलगाड्या जुंपून गावांकडे वळायला लागल्या. वर्कशॉपमध्ये शालनताई ज्योत बारीक ठेवून काम करत होत्या. सिलिंडर हलवून बघितला तर आत फारसं काही लागत नव्हतं.

पट्टा पडायच्या दिवशी सरांना बँकेत काम निघालं, मी एकटी गेले. दुपारी शेवटची मोळी वर गेली. कामगारांनी तिच्यावर गुलाल टाकला होता. भोंगा वाजला, मग पट्टा थांबला, मग एकेक चाक, एकेक पंप. इतके महिने हलणारी जमीन थांबली तेव्हा आम्ही सगळे जरा डगमगलो, बोटीतून उतरल्यासारखे. आणि मग इतकी शांतता झाली की पाइपात उरलेला गरम रस निवताना पाइप कुरकुरत होता तेही ऐकू आलं.

साळुंखे साहेब माझ्या शेजारी उभे होते. "हे काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

टिक्. थोडा वेळ काही नाही. टिक्.

"पाळी बदलतेय, साहेब. आता गरम बोललं. आता आंबट बोलेल."

"इतके दिवस वाजत होतं हे?"

"हो. गडबडीत ऐकू येत नव्हतं."

ते आणखी दोन-तीन पाळ्या ऐकत उभे राहिले. मग वेल्डरला हाक मारली आणि जुन्या भोकांकडे बोट दाखवलं. "पुढच्या मोळीआधी ही तिन्ही बुजवून टाका. आता लागणार नाहीत." माझ्याकडे वळून म्हणाले, "बापटांना सांगा, असल्या आणखी लागतील. आणि फुगे जास्तीचे ठेवा म्हणावं, आमची माणसं धसमुसळी आहेत."

ऑफिसातून मी वर्कशॉपला फोन लावला. सर परत आले नसणार हे मला माहीत होतं, आणि शालनताई फोनला कधी हात लावत नसत. बराच वेळ वाजला. मी ठेवणार, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी रिसीव्हर उचलला. मागे बारीक ज्योतीचा आवाज येत होता.

"शालनताई, मी बोलतेय. घेतली त्यांनी. तिन्ही भोकं बुजवायला सांगितली."



"बरं," त्या म्हणाल्या. "मंग सिलिंडर सांगून ठिवते."